कोबे-वाई मालिका: लाल प्रतीवर निळा थर

घरच्या जुन्या फोटोंवरून करत असलेल्या मालिकेतलं पहिलं चित्र एकदाचं उभं राहिलं. जपानमधल्या कोबे बंदराच्या पोर्ट टॉवरसमोर आई, दादा आणि मी, साल १९८१. पद्धत आता हाताला बसली आहे, म्हणून इथवरचं सगळं लिहून ठेवते.

पार्श्वभूमी थोडक्यात. बाबा एका जहाज एजन्सीत होते, त्यामुळे माझी बालवाडी आणि शाळेची सुरुवातीची वर्षं कोबेत गेली. बाबा प्रत्येक रोलच्या दोन प्रती काढून घ्यायचे. एक आमच्या अल्बमसाठी, दुसरी वाईला आजीकडे पाठवायला. निगेटिव्ह घरं बदलताना कुठेतरी राहून गेल्या. उरल्या या प्रती, आणि त्या एकाच निगेटिव्हवरून निघाल्यात हे आज सांगूनही पटत नाही.

अल्बमची प्रत बऱ्यापैकी टिकली. चिकट पानांचा तो अल्बम, त्यामुळे कडा पिवळ्या पडल्यात. पण दात साफ करायचा दोरा फोटोमागून हळूहळू सरकवला की प्रिंट अलगद सुटते. वाईची प्रत मात्र लोखंडी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर राहिली आणि पार तांबडी झाली. त्या काळच्या रंगीत कागदात सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असत. त्यातला सायन उजेड न लागताही, नुसत्या उष्णतेने आणि दमट हवेने विरत जातो. मागे मॅजेंटा आणि पिवळा उरतात. आजीने फोटो जिवापाड जपले, पण रंग उडायचा तो ट्रंकेच्या अंधारातच उडाला.

संगणकावर हा रंग मिनिटभरात परत आणता येतो. तसा तो मला नको होता. गेलाय तो सायन, तर सायनोटाइपनेच, म्हणजे लोहक्षार लावलेल्या कागदावर उजेडाने निळं चित्र उमटवायच्या जुन्या पद्धतीनेच, का भरून काढू नये? आणि तोही दुसऱ्या प्रतीतून घेऊन?

तर कृती अशी. वाईच्या प्रतीचं स्कॅन जसंच्या तसं, लालीसकट, कोझो या जपानी हातकागदावर छापायचं. अल्बमच्या प्रतीच्या स्कॅनमधून फक्त रेड चॅनल (चित्रातला लाल प्रकाशाचा भाग) वेगळा काढायचा, त्यातलं उजळ-गडद उलटं करायचं आणि ती निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर छापायची. ती गांपी या दुसऱ्या जपानी कागदावर सायनोटाइपमध्ये उतरवायची. गांपी इतका पातळ की खालचं चित्र आरपार दिसतं. द्रावणं नेहमीचीच: १०० मिलि पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलिमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड, लावताना दोन्ही समप्रमाणात. आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे आणि प्रशियन निळ्याला, म्हणजे सायनोटाइपच्या निळ्या रंगाला, अल्कली सोसत नाही, म्हणून पहिल्या धुण्यात चिमूटभर सायट्रिक अॅसिड घालते. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नाही, तेव्हा उन्हाऐवजी यूव्ही (अतिनील) ट्यूबची पेटी.

निळा थर लाल चित्रावर ठेवला आणि आईच्या साडीचा मोरपंखी परत आला. आकाश आलं, मागचं बंदराचं पाणी आलं. गंमत टॉवरची. १०८ मीटरचा तो टॉवर लालच, त्यामुळे रेड चॅनलमध्ये तो उजळ येतो आणि सायनोटाइपमध्ये त्याच्या जागी जवळजवळ कोरा कागद राहतो. वाईच्या विटलेल्या प्रतीतही तो एकटाच आपल्या रंगाला धरून होता.

दोन्ही थर तंतोतंत बसत नाहीत. गांपी भिजताना पसरतो, वाळताना आकसतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. आईच्या चेहऱ्याशी जुळवलं तर दादाच्या बुटाला निळी कड येते. सुरुवातीला याचा त्रास व्हायचा. आता मी ठरवून आईचा चेहरा जुळवते आणि बाकीचं सुटेल तसं सुटू देते.

वाईच्या प्रतींच्या पाठी हा वेगळाच ऐवज आहे. ‘ती. आईस सा. न.’ अशी सुरुवात, मग दोन ओळींत हवापाणी. बाबा बॉलपेन दाबून लिहायचे, त्यामुळे अक्षरं पुढच्या बाजूला उठली आहेत. बाजूने तिरपा प्रकाश टाकून फोटो काढला की चेहऱ्यांवरून उलटी अक्षरं चालताना दिसतात. तो तिसरा थर सध्या वेगळाच ठेवला आहे, सगळं एकत्र केलं तर गिचमिड होईल.

या पाठीमागच्या ओळींनी घरातला एक वादही मिटवला. १९८१मध्ये कोबेत भरलेल्या पोर्टोपिया प्रदर्शनाच्या वेळी पोर्टलायनर ही शहरातली स्वयंचलित रेल्वे नुकती सुरू झाली होती. दादा आजवर सांगत आला की त्याने ड्रायव्हरशेजारी उभं राहून ती ‘चालवली’. फोटोत तो पुढच्या काचेला नाक लावून उभा आहे आणि मागे बाबांच्या अक्षरात लिहिलंय, ‘या गाडीस ड्रायव्हर नाही!’ दादा म्हणतो, बाबांनी नीट बघितलं नसेल.

काही गोष्टी मी बाजूला ठेवल्या. हाताने रंगवणं आधी मनात होतं. योकोहामात फेलिचे बेआतो, कुसाकाबे किम्बेई या छायाचित्रकारांच्या स्टुडिओंची एकोणिसाव्या शतकातली रंगवलेली छायाचित्रं मला फार आवडतात. पण ती बरीचशी परदेशी प्रवाशांना विकायला केलेली होती, आणि आमचे फोटोही वाईला ‘जपान दाखवायला’च काढलेले. त्यावर पुन्हा गोडवा कशाला चढवायचा? सोन्याची भेग (फुटलेलं भांडं सोन्याने सांधायची जपानी रीत) आणि चेरीचा बहर यांना तर प्रवेशच नाही. प्रिंटवर चहा ओतून, कोपरे जाळून जुनेपणा आणणंही नको. २०११च्या त्सुनामीनंतर मियागी प्रांतातल्या यामामोतो गावात चिखलातून निघालेले सुमारे ७.५ लाख फोटो स्वयंसेवकांनी धुऊन, वाळवून जमेल तितके घरोघर परत केले. हे माहीत असताना नकली डाग पाडायला हात होत नाही.

पुढच्या चित्रांसाठी मी माणसांपेक्षा कडा बघते आहे. बाबांनी मधोमध आम्हाला उभं केलं, पण कडेला चुकून आलेलं काय काय आहे: गॅलरीत वाळत टाकलेल्या गाद्या, कोणाची तरी पिवळी शाळकरी टोपी, जड कौलांची लाकडी घरं. १७ जानेवारी १९९५ला पहाटे ५:४६ वाजता भूकंप झाला, तेव्हा कोबेत अशीच घरं सर्वाधिक कोसळली. आमची गल्ली त्यातलीच. शेजारच्या आजींचं घर आमच्या एकाही फोटोचा विषय नव्हतं, पण आईच्या खांद्यामागे ते तीनदा आलंय. या तीन कडा मोठ्या करून निळ्या थरात सलग जोडायच्या आहेत.

अडचण चिकटवण्याची आहे. गव्हाची खळ पातळ केली तरी गांपी पुन्हा भिजतो आणि जुळवलेलं हलतं. सध्या फक्त वरची कड चिकटवून बाकीचा थर मोकळा सोडते, पण मोठ्या आकारात तो फुगतो. कोरड्या पद्धतीने, उष्णतेने चिकटणारी फिल्म वापरून कोणी इतका पातळ कागद बसवला असेल, तर तापमान किती ठेवलं आणि निळ्यावर काही परिणाम झाला का, ते सांगा.