आमची वाटचाल : एक शब्द बदलायचा होता फक्त

आमच्या फर्मला वीस वर्षं होऊन गेली, पोरगी म्हणाली वेबसाईटवर 'आमची वाटचाल' असं पान पाहिजेच, सगळ्यांच्या असतं. म्हणलं लिहितो, पण मी लिहिणार तर खरंच लिहिणार, फोटोत हार घालून उभं राहिलेलं नाही.

२००४ ला कोल्हापुरात राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत सुरुवात केली. मी, पार्टनर, दोन असेंबल्ड मशिनी आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जो चालू झाला की खालचा झेरॉक्सवाला झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचा. काम दूध संस्थांच्या सॉफ्टवेअरचं. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दरपत्रक, कपाती, दहा दिवसांचं बिल. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको की दहा दिवसांचं बिल म्हणजे काय असतं. एक, अकरा आणि एकवीस तारखेला ते निघालंच पाहिजे, जगबुडी झाली तरी.

मी व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) मधनं आलेला माणूस. रेकॉर्डसेट (डेटाबेसला क्वेरी म्हणजे प्रश्न विचारून आलेल्या ओळी) उघडायचा, ईओएफ म्हणजे शेवट येईपर्यंत मूव्हनेक्स्ट करत पुढच्या ओळीवर जायचं, हे हाताला बसलेलं. वेबसाठीच्या पीएचपी भाषेत आलो तर तिथं सगळे सरळ मायएसक्यूएल_क्वेरी मारायचे. मायएसक्यूएलसाठी वेगळी फंक्शनं, पोस्टग्रेससाठी वेगळी, ओरॅकलची तर तऱ्हाच निराळी, म्हणजे डेटाबेस बदलला की सगळ्या फायली बदला. तेव्हा मला ॲडोडीबी सापडलं, आपला कोड आणि डेटाबेस यांच्या मधे बसणारी लायब्ररी. जॉन लिम म्हणून मलेशियातला माणूस, त्यानं २००० साली हे लिहायला घेतलं, व्हीबीत डेटाबेसशी बोलायला मायक्रोसॉफ्टचं एडीओ होतं त्याच्यासारखंच, तोच रेकॉर्डसेट, तेच ईओएफ, तेच मूव्हनेक्स्ट. बाहेरगावी आपल्या गावचा माणूस भेटावा तसं झालं मला. ॲडोन्यूकनेक्शन मधे डेटाबेसचं नाव द्यायचं, कनेक्ट करायचं, एक्झिक्यूट करायचं, बास. आत कुठला ड्रायव्हर पळतोय ते त्याचं तो बघतो. मूडल (ऑनलाईन शिकवण्याचं सॉफ्टवेअर) सुद्धा १.९ पर्यंत ह्याच्यावरच चालायचं, २.० ला त्यांनी स्वतःचं केलं.

पार्टनरला पटत नव्हतं. "गिऱ्हाईक सगळं मायएसक्यूएलवालं, मधे आणि हे ओझं कशाला, स्लो होतंय." स्लो होतं थोडं, खोटं कशाला बोलू. पण मी हट्टानं घातलं. त्याबरोबर अजून एक हट्ट केला, २००७ पासून सगळी नावं युनिकोडमधे, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक. तेव्हा आमच्या धंद्यात सगळे जुने फॉन्ट वापरायचे, जे डोळ्याला मराठी दिसतात पण आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. हे दोन हट्ट लक्षात ठेवा.

मधली चार वर्षं बरी गेली, सांगण्यासारखं काही नाही.

२०११. एका मोठ्या दूध संघाचं काम आलं (नाव घेत नाही, कोल्हापुरात कुणाला सांगायलाही नको). अट एकच, त्यांच्याकडं मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २००८ घेतलेला होता, लायसनचे पैसे भरलेले, आमचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालायला पाहिजे. दुसरा एक स्पर्धक पण लाईनीत होता. मी मिटिंगमधे छाती पुढं काढून सांगितलं, "आमच्यात फक्त एक शब्द बदलायचा साहेब." आणि शब्द खरंच एकच होता, मायएसक्यूएल काढून एमएसएसक्यूएलनेटिव्ह. तो बदलला, पान उघडलं, कनेक्ट झालं. मी त्या रात्री ऑफिसात सगळ्यांना मिसळ चारली.

दुसऱ्या दिवशीपासून एकेक बाहेर पडायला लागलं.

पहिलं, लिमिट, म्हणजे किती ओळी आणायच्या ते. ॲडोडीबीत सिलेक्टलिमिट आहे, ते ज्या त्या डेटाबेसप्रमाणं टॉप लावायचं का लिमिट ते बघतं. पण आमच्या पोरांनी दोनशे जागी हातानंच 'लिमिट ०,२०' लिहिलेलं. एसक्यूएल सर्व्हरला लिमिट म्हणजे काय हेच माहिती नाही. मग इफनल, मग डेट_फॉरमॅट, मग कॉनकॅट, मायएसक्यूएलमधली ही फंक्शनं पण तिथं चालेनात. ह्या सगळ्याला लायब्ररीत सोय होती, एसक्यूएलडेट होतं, कॉनकॅट होतं, पण वापरणार कोण, घाईत जे आठवेल ते लिहिलेलं.

मग ग्रुप बाय, म्हणजे एकाच्या सगळ्या ओळी एकत्र करून बेरीज. दहा दिवसांच्या बिलाची क्वेरी सभासद नंबरवर ग्रुप केलेली आणि सिलेक्टमधे नाव, गाव, बँक खातं सगळं तसंच. तेव्हाचं मायएसक्यूएल भोळं होतं, चालवून घ्यायचं. एसक्यूएल सर्व्हर म्हणतो हा कॉलम ग्रुप बायमधे नाही आणि बेरजेतही नाही, मी देणार नाही. बरोबरच होतं त्याचं, पण राग मलाच आला. आणि तारखा! जे सभासद सोडून गेले नव्हते त्यांच्या सोडल्याच्या तारखेत मायएसक्यूएलनं शून्य-शून्य-शून्य भरून ठेवलेलं. एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाईम १७५३ सालाच्या मागं जातच नाही. पार्टनर म्हणाला, "पेशवाईच्या आधीचा सभासद चालत नाही त्याला." हसलो तेव्हा. पेशवाई १७५३ च्या आधीपासून चालू होती हे नंतर पोरीनं सांगितलं.

एवढं सगळं अडीच महिन्यात निस्तरलं. ह्यात माझा जीव कुणी वाचवला असेल तर डीबग इक्वल टू ट्रू नं. ही एक ओळ टाकली की प्रत्येक क्वेरी जशी डेटाबेसला जाते तशी स्क्रीनवर छापून येते, वर खाली आडवी रेघ आणि सुरुवातीला कंसात ड्रायव्हरचं नाव. पोरांना मी अजून सांगतो, एरर वाचायच्या आधी क्वेरी वाचा, निम्म्या वेळा तिथंच कळतंय.

डेमो ठेवला. चेअरमन, एमडी, दहा-बारा संचालक, चहा, काजू. मी लॉगिन केलं आणि सभासद यादी उघडली तर वर रेघ, खाली रेघ, मधे आख्खी सिलेक्ट क्वेरी. डीबग काढायचं राहिलं होतं. एक संचालक म्हणाले, "हे काय लिहिलंय?" मी म्हणलं सिस्टिम चेक आहे साहेब. तेवढ्यात खाली यादी आली. पहिलं नाव चेअरमन साहेबांचं, सभासद नंबर एक. आणि नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. खाली सगळ्यांचीच. पाटील असेल तर पाच प्रश्नचिन्हं, कारण प एक, काना एक, ट एक, वेलांटी एक आणि ल एक. मी तिथं उभा राहून ती मोजत होतो. दुसरं काही सुचतच नव्हतं. चेअरमन चष्मा काढून म्हणाले, "आमच्यावरच प्रश्न उभा केला की ओ तुम्ही." सगळे हसले. मी पण हसलो.

झालं काय होतं ते सांगतो, कारण अजून लोक ह्यात पडतात. एसक्यूएल सर्व्हर २००८ मधे देवनागरी ठेवायची तर कॉलम एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) पाहिजे, कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ पाहिजे, आणि क्वेरीत मजकूर थेट लिहिला तर त्याच्या अवतरणाआधी एन लावायला पाहिजे, नाहीतर पॅरामीटर बाईंड करायचं, म्हणजे मजकूर क्वेरीत न जोडता वेगळा पाठवायचा. पहिली दोन आम्ही केली होती. तिसरं नाही. ॲडोडीबीच्या क्यूएसटीआर नं अवतरण घालून क्वेरी जोडलेली, एन नाही, मग सर्व्हर तो मजकूर त्याच्या जुन्या कोडपेजमधे (अक्षरांच्या तक्त्यात) ओढतो आणि देवनागरीला तिथं जागाच नाही, प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह. आणि एकदा ते साठलं की मूळ नाव गेलं, परत येत नाही. टेस्टिंगला दिसलं का नाही? टेस्टिंगला आम्ही एबीसी, एक्सवायझेड, टेस्ट१ असली नावं घातलेली. खरा डेटा डेमोच्या आदल्या रात्री भरला. अकराला संपलं काम आणि कुणी यादी उघडून बघितली नाही.

आता ह्यातलं जे अजून टोचतं ते. स्पर्धकाचा डेमो पुढच्या आठवड्यात झाला, त्याची नावं झकास आली. कारण त्याचा जुना फॉन्ट! आत सगळी इंग्रजी अक्षरं, कुठल्याही डेटाबेसला चालतात. म्हणजे मी चार वर्षं आधी योग्य काम केलं म्हणून हरलो आणि त्यानं काहीच केलं नाही म्हणून जिंकला. त्या फॉन्टमधे नाव शोधता येत नाही, मोबाईलवर मेसेज पाठवता येत नाही, हे मी ओरडून सांगितलं. कोण ऐकणार.

दोन महिन्यात पार्टनर गेला. गेला तो त्याच स्पर्धकाकडं. पाचातली तीन पोरं गेली. पतसंस्थेचं कर्ज डोक्यावर, घरातलं सोनं ठेवलेलं. आमच्यात भागीदारीचा कागद नव्हता, दोस्तीवर चालू होतं सगळं, त्यामुळं दरपत्रकाच्या मोड्यूलचा कोड त्यानं पेन ड्राईव्हवर नेला तरी मी काही म्हणू शकलो नाही. नवीन पोरांनो, स्टॅम्प पेपर करा. सख्खा भाऊ असला तरी करा. आणि एएमसी (वर्षाची देखभालीची फी) वर्षाच्या सुरुवातीला घ्या, मार्चमधे मागितली की सगळे ऑडिटमधे असतात.

त्या वर्षी फर्म तात्यांच्यामुळं राहिली. कागल तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेचे सेक्रेटरी, २००५ पासून आमचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांनी कॉम्प्युटर आल्यावरही वही सोडली नव्हती, रोज दोन्ही वेळचं संकलन वहीत आणि मशिनीत. मी त्यांना सगळं सांगितलं, म्हणलं तात्या, बंद करतोय मी. तात्या म्हणाले, "माझी नावं वहीत हायत. तू मशिनीत परत परत घाल की, कुठं जात्यात." आणि आपल्या साडेतीनशे सभासदांचा डेटा त्यांनी मला तपासायला दिला. एसक्यूएल सर्व्हरवर, मायएसक्यूएलवर आणि नंतर ओरॅकलवर, तिन्हीकडं मी तो भरायचो आणि तात्या वही घेऊन शेजारी बसून एकेक नाव वाचायचे. ओरॅकलमधे तर त्यांनीच पकडलं. 'ज्ञानेश्वर' वालं नाव जाईना, कॉलमपेक्षा मोठं आहे म्हणून एरर. मला वाटलं पन्नास अक्षरांचा कॉलम आहे, कसं काय मोठं. पण ओरॅकल सांगितलं नाही तर बाईट मोजतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाईटचं, ज्ञानेश्वर एकटाच तीस बाईट खातो, पुढं वडिलांचं नाव आणि आडनाव. तात्या म्हणाले, "माऊलींनाच जागा न्हाई व्हय तुझ्यात?"

तेव्हापासून ती साडेतीनशे नावं म्हणजे आमची टेस्टिंग. काहीही बदललं की आधी तात्यांची यादी.

२०१३ ला पीएचपी ५.५ आलं आणि जुनी मायएसक्यूएल फंक्शनं बाद होणार असं त्यातच सांगितलं. २०१५ च्या डिसेंबरात ७.० मधनं ती काढूनच टाकली. ५.६ ची मुदत ३१ डिसेंबर २०१८ ला संपली, मग होस्टिंगवाल्यांनी धडाधड अपग्रेड केलं आणि त्या आठवड्यात माझा फोन थांबेना. ज्यांनी सरळ फंक्शनं मारली होती त्यांची पानं पांढरी. आमच्यात मायएसक्यूएलच्या पुढं एक आय वाढवला, मायएसक्यूएलआय, झालं कनेक्ट. बाकी स्प्लिट आणि इरेग, ही पण ७.० मधनं गेलेली फंक्शनं, काढायला दोन दिवस गेले. सतरा संस्था आल्या आमच्याकडं त्या वर्षी. तो मोठा संघ नाही आला. त्या स्पर्धकाच्या नवीन ब्रोशरवर 'कुठल्याही डेटाबेसवर चालणारे' असं छापलंय, आणि त्या पानाखाली कुणाचा फोटो आहे ते मी ओळखतो. "ओझं कशाला" म्हणणारा.

कुणी विचारतं पीडीओ (डेटाबेसशी बोलायची पीएचपीची स्वतःची सोय) का नाही, फुकट आहे, पीएचपीतच आहे. वापरा ना. पण पीडीओ पण दार उघडून देतं, तुमची क्वेरी बदलून देत नाही. लिमिट तुमचं, ग्रुप बाय तुमचं, शून्य तारीख तुमची.

तात्या आता नाहीत. त्यांचा मुलगा सेक्रेटरी आहे, वही बंद केली त्यानं.

गेल्या दिवाळीत एका दूध कंपनीनं पोस्टग्रेस मागितलं. मी ह्या वेळी छाती पुढं काढली नाही, पंधरा दिवस मागून घेतले. पोरांना सांगितलं आपल्याकडं २०१२ नंतर हातानं लिहिलेलं लिमिट एकही नाही, मी स्वतः नियम केलाय. शब्द बदलला, तात्यांची यादी चालवली, नावं सगळी आली. मग बाकीची पानं उघडली तर तीन ठिकाणी एरर. पोस्टग्रेस बिचारं नीट सांगतं, लिमिट असं स्वल्पविरामानं चालत नाही, लिमिट आणि ऑफसेट वेगळं लिहा. पोरानं फायली काढल्या. दोन नवीन पोरांच्या होत्या. तिसरी कपातीच्या रिपोर्टची, वर कॉमेंटमधे तारीख २०१४ आणि नाव माझं.