पहिल्याला जोडीदार कुठून मिळाला?

उत्क्रांतीवर कुठेही बोललो की शेवटी एक हात वर होतोच. ‘नव्या प्रजातीचा पहिला प्राणी जन्मला, तर त्याला जोडीदार कुठून मिळाला?’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘आता सापडलात’ असा भाव असतो. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी जरा निवांत लिहितो.

पहिला प्राणी असा नसतोच. पिल्लू आपल्या आईबापांच्याच प्रजातीचं असतं. फुटते ती अख्खी वस्ती, आणि फुटताना दोन्हीकडे जोडीदार भरपूर असतात.

माझी लाडकी साक्षीदार म्हणजे उत्तर अमेरिकेतली एक फळमाशी. मूळची हॉथॉर्न या काटेरी झुडपाच्या लाल फळांवरची. नर-मादी भेटतात फळावरच. मादी सालीखाली अंडं घालते, अळी गर खाते, फळ गळलं की मातीत शिरून कोष करते आणि पुढच्या उन्हाळ्यात माशी होऊन वर येते. युरोपीय लोकांनी तिथे सफरचंद नेलं. १८६० च्या दशकात बेंजामिन वॉल्श या कीटकतज्ज्ञाने लिहिलं, की हॉथॉर्नवरची माशी आता सफरचंदांना लागली आहे. सफरचंद पिकतं ३-४ आठवडे आधी, आणि माशीचं आयुष्य जेमतेम महिनाभराचं! मग सफरचंदवाल्यांत लवकर वर येणाऱ्यांचंच फावलं. त्यांना वासही सफरचंदाचाच ओढतो, हॉथॉर्नचा नकोसा होतो. आणि जोडी जमायची ती फळावर. नाक बदललं तसं सासर बदललं. मध्ये डोंगर-समुद्र काही नसताना या माश्या पांगत चालल्यात. अजून पुरत्या नाहीत. दर पिढीत थोड्या माश्या पलीकडे जाऊन जोडी जमवतातच. एक प्रजाती म्हणा की दोन, मी दोन्ही बाजूंनी भांडायला तयार आहे.

बहुतेक वेळा मात्र आधी डोंगर किंवा पाणी आडवं येतं आणि दोन्हीकडे वेगवेगळे बदल साठत जातात. पुन्हा गाठ पडली तर जमत नाही, किंवा जमून खेचर होतं. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. अंगात बळ रग्गड, पण बीजपेशी बनताना गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून ते वांझ.

एवढं सांगून मी पूर्वी खाली बसायचो. पण प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या दोन पिवळ्या रानफुलांचा, ट्रॅगोपोगॉनचा, संकर झाला आणि त्याची १२ गुणसूत्रं दुप्पट होऊन २४ झाली. १९५० मध्ये मॅरियन ओनबी यांनी त्याला नवी प्रजाती म्हणून नाव दिलं. मूळ झाडांशी त्याचा संकर जवळजवळ वांझच. पण ते स्वतःच्याच परागांनी बी धरतं. इथे ‘पहिलं झाड’ खरोखर होतं.

आणि पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरचा एक फिंच पक्षी. १९८१ मध्ये डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर शंभराहून जास्त किलोमीटरवरून एक थोराड नर आला. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य तिथे पक्ष्यांची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवत होतं. त्या नराचं गाणं निराळं, चोच निराळी. त्याने जोडी जमवली स्थानिक, दुसऱ्या प्रजातीच्या मादीशी. मुलगे गाणं बापाकडून शिकले, आणि थोड्याच पिढ्यांत त्या वंशाची वीण आपापसातच होऊ लागली. पुढे दुष्काळात त्यातली दोघंच उरली, एक भाऊ आणि एक बहीण. त्यांनी एकमेकांशीच घरटं मांडलं आणि वंश पुढे चालला.