बोट लागली

‘बोट लागली’ याचे मराठीत दोन अर्थ होतात. धक्क्यावरचा माणूस म्हणाला तर सामान उचलायचं. बोटीतला माणूस म्हणाला तर त्याला कठड्याजवळ जागा करून द्यायची आणि आपण वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं.

समुद्रकाठच्या दोन सुटीच्या गावांमध्ये फेरीबोट असली, की मी रस्त्याने जात नाही. रस्ता लांबून वळसा घालून जातो, हे घरच्यांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की ज्या गावात चार दिवस काढले ते मला बोटीत बसल्यावरच दिसतं. तिथे राहताना आपण त्याच्याकडे पाठ करूनच बसलेलो असतो. खोलीची खिडकी, बाकं, खुर्च्या, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. बोट सुटल्यावर कळतं, की अरे, मागे एवढा डोंगर होता!

पण आधी बोटीत शिरायला हवं. भरतीला फळी जवळजवळ सपाट असते, ओहोटीला तिची घसरगुंडी होते. धक्क्याशी पाणी उथळ असेल तर वेळापत्रकही चंद्राच्या हाती, कारण भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. इथे तर त्यातला एक दगड हलत असतो. खलाशी आपल्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. त्याचं लक्ष बोट आणि धक्का यांच्या मधल्या पाण्यावर. लाटेने बोट वर उचलली, की तो कोपराला धरून आपल्याला आत घेतो. त्या क्षणी आपण माणूस नसतो, एक डाग असतो.

मग भोंगा, तीन वेळा, तुटक. हा निरोप आहे असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याचा अर्थ एवढाच, की इंजिन उलटं फिरतंय. तरीही मी हात हलवतो.

सुटीवर आलेले सगळे सुरुवातीला मागच्या कठड्याला गर्दी करतात. सोडलेलं गाव लहान होत जातं, फोटो निघतात. आणि मध्येच केव्हातरी, कोणी काही न सांगता, एकेक जण पुढे सरकू लागतो. ती जागा कुठली हे पकडायचा मी दर खेपेला प्रयत्न करतो आणि दर खेपेला आधीच पुढे जाऊन उभा असतो.

रोज ये-जा करणारे या भानगडीत नसतात. पलीकडच्या हॉटेलांतल्या चादरी बदलणारी, भांडी घासणारी ही माणसं खाली, बोटीच्या मध्यावर, इंजिनाच्या धडधडीत मान टाकून झोपतात. समुद्राकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांचीच जागा शहाणपणाची. सी-सॉच्या टोकाला झोका मोठा, मध्याला कमी.

बोट लागते ती कान आणि डोळे यांच्या भांडणामुळे. आतला कान म्हणतो हलतंय, समोरचा बाक म्हणतो कुठे हलतंय? म्हणून क्षितिजाकडे बघावं. तिथे दोघांचं जमतं. अनंत वगैरे म्हणतात ते हे क्षितिज, डोळे पाण्यापासून ५ मीटर उंच असले तर जेमतेम ८ किलोमीटरवर असतं. डॉक्टर मळमळीला नॉशिया म्हणतात. तो शब्द ग्रीक ‘नाउस’वरून आला, म्हणजे जहाज, आपली नौका त्याच्याच कुळातली. तेव्हा हा त्रास खानदानी आहे.

गेल्या खेपेला वारा बराच होता. इंजिनाचा सूर उतरायच्या आधीच झोपलेली माणसं उठून दाराशी उभी राहिली होती. धक्क्याचे टायर करकरले, दोर पडला, आणि खलाशी ओरडला, ‘‘चला, बोट लागली!’’

बाकावर आडवे झालेले एक गृहस्थ डोळे न उघडता म्हणाले, ‘‘मघाशीच.’’