थर्मो आणि इलेक्ट्रो: बारावीचे न्यूमेरिकल्स मी कसे सोडवले

बारावीच्या केमिस्ट्रीत पोरं सगळ्यात जास्त घाबरतात ती चौथ्या आणि पाचव्या धड्याला. चौथा केमिकल थर्मोडायनॅमिक्स, पाचवा इलेक्ट्रोकेमिस्ट्री. ऑरगॅनिक घोकून होतं, पी-ब्लॉक रेटून वाचता येतं, पण या दोन धड्यांत आकडा काढून दाखवावा लागतो, आणि तोही हाताने. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. मी आता सोलापुरातच बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या भागातली बारावीची पोरं संध्याकाळी वही घेऊन येतात. त्यांना रोज तुकड्या-तुकड्यांत सांगतो ते एकदा सलग लिहून ठेवतोय.

आमचं घर पूर्व भागात. वडील यंत्रमागावर, खालीच कारखाना, त्यामुळे दिवसा घरात बसून आकडेमोड करणं अवघड. मोठ्या क्लासची फी झेपणारी नव्हती, म्हणून कॉलेज सुटलं की अभ्यासिका. दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि अकरावीपासून सगळं इंग्रजीत. पण या दोन धड्यांत इंग्रजी फार आडवं आलं नाही. आडवी येतात ती चिन्हं आणि युनिटं.

आमचे कॉलेजचे सर फॉर्म्युला लिहूच द्यायचे नाहीत. "आधी समीकरण लिही, बॅलन्स कर, प्रत्येकापुढे घन, द्रव, वायू लिही. मग बोल." सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. त्यांनी घरच्या गॅसचं उदाहरण दिलं तेव्हा पटलं. एलपीजीमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन असतात, आपण नुसता प्रोपेन धरू. एक मोल प्रोपेन जळायला पाच मोल ऑक्सिजन लागतो, तीन मोल कार्बन डायऑक्साइड आणि चार मोल पाणी तयार होतं. तयार होण्याची एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ बनताना स्थिर दाबाला आत-बाहेर होणारी उष्णता, बाहेर गेली तर उणे), किलोज्यूल प्रति मोलमध्ये: कार्बन डायऑक्साइड उणे ३९३.५, द्रव पाणी उणे २८५.८, प्रोपेन उणे १०३.८, आणि ऑक्सिजन मूलद्रव्य म्हणून शून्य. प्रॉडक्टची बेरीज उणे २३२३.७. त्यातून प्रोपेनचे उणे १०३.८ वजा केले की उत्तर उणे २२१९.९ किलोज्यूल.

आता पाण्यापुढे 'द्रव' ऐवजी 'वायू' लिहून पाहा. वाफेसाठी आकडा उणे २४१.८ आहे, म्हणजे मोलमागे ४४ चा फरक. चार मोलला १७६. उत्तर एकदम उणे २०४३.९ वर येतं. कंसातल्या एका अक्षराने १७६ किलोज्यूल हलतात. त्या दिवसापासून अवस्था लिहायचा मी कधी कंटाळा केला नाही.

त्याच आकड्यावरून घरी हिशेब केला. प्रोपेनचा मोल ४४ ग्रॅमचा, म्हणजे ग्रॅममागे साधारण ५० किलोज्यूल. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायला ४.१८४ गुणिले ७०, साधारण २९३ किलोज्यूल. म्हणजे सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली तर जेमतेम सहा ग्रॅम गॅस. प्रत्यक्षात बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते, म्हणून जास्त लागतो. पण पुस्तकातला आकडा आईच्या शेगडीपर्यंत जातो हे पाहिल्यावर धडा परका राहिला नाही.

चिन्हांसाठी मी एकच गोष्ट धरून ठेवली: सिस्टीमचं पासबुक. सिस्टीममधून बाहेर गेलं ते उणे, सिस्टीमकडे आलं ते अधिक. उष्णता असो, काम असो, नोंद तशीच. वायू प्रसरण पावला तर त्याने काम केलं, म्हणजे उणे. दाबला तर अधिक. कामाचं उत्तर घन डेसिमीटर-बारमध्ये आलं की १०० ने गुणून ज्यूल करायचे. डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल) आणि डेल्टा यू (सिस्टीमच्या आतल्या ऊर्जेतला बदल) यांच्यातला फरक फक्त वायूंच्या मोलवर ठरतो. वरच्याच समीकरणात सहा मोल वायूचे तीन झाले, म्हणून उणे ३ गुणिले आर (वायूंचा स्थिरांक, ८.३१४) गुणिले २९८ केल्विन, म्हणजे उणे ७.४ किलोज्यूल. इथे आर ज्यूलमध्ये आणि एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये असते. मार्क बहुतेक वेळा इथेच जातात.

हेसचा नियम १८४० सालचा: अभिक्रिया एका पायरीत होवो की अनेक, एकूण उष्णता तेवढीच. तो का लागतो हे मला कार्बन मोनॉक्साइडवरून कळलं. कार्बन कमी ऑक्सिजनमध्ये जाळला तरी थोडा डायऑक्साइड होतोच, म्हणून निव्वळ मोनॉक्साइड तयार होतानाची उष्णता सरळ मोजता येत नाही. पण कार्बनपासून डायऑक्साइड उणे ३९३.५ आणि मोनॉक्साइडपासून डायऑक्साइड उणे २८३.० हे दोन्ही मोजता येतात. दुसरं समीकरण उलटं करा, चिन्ह बदला, बेरीज करा: उणे ११०.५. जे मोजता येत नाही ते कागदावर मिळतं. माझ्या मते सबंध चौथ्या धड्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

पाचव्या धड्याची सुरुवात प्रॅक्टिकलने झाली हे बरं झालं. जस्ताची पट्टी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायची, एका बीकरमध्ये झिंक सल्फेट, दुसऱ्यात मोरचुदाचं निळं पाणी आणि त्यात तांब्याची पट्टी. फिल्टर पेपरची पट्टी पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवून दोन्ही बीकरमध्ये टाकली की सॉल्ट ब्रिज तयार. तो उचलला की व्होल्टमीटरचा काटा खाली येतो, परत ठेवला की वर. पुस्तकात इलेक्ट्रोड पोटेन्शियल जस्ताचं उणे ०.७६, तांब्याचं अधिक ०.३४, दोघांतला फरक १.१० व्होल्ट.

नर्न्स्टच्या समीकरणात, म्हणजे द्रावणांच्या संहतीवरून सेलचे व्होल्ट काढताना, खरी कसोटी लॉग टेबलची. समजा जस्ताचं द्रावण ०.०१ मोलर आणि तांब्याचं ०.४. भागाकार ०.०२५. टेबलात २५ समोर ३९७९ मिळतात आणि आपण लिहितो दोन बार, पॉइंट ३९७९. बार फक्त पूर्णांकावर असतो, पॉइंटनंतरचा भाग नेहमी अधिकच. म्हणून ०.०२९६ ने (सूत्रातला ०.०५९२ भागिले दोन इलेक्ट्रॉन) गुणायच्या आधी बार सोडवायचा: उणे २ अधिक ०.३९७९, म्हणजे उणे १.६०२१. हा गुणाकार १.१० मधून वजा होतो, आणि उणे वजा केलं की अधिक: १.१० अधिक ०.०४७४, उत्तर १.१४७ व्होल्ट. बार न सोडवता उणे २.३९७९ घेतलं की सगळं बिघडतं. मी येणाऱ्या पोरांना आधी नुसते लॉग आणि अँटिलॉग सोडवायला देतो, केमिस्ट्री नंतर. फॅरेडेचे न्यूमेरिकल्स (विजेने किती धातू जमा होतो) त्यामानाने सोपे आहेत. अर्धा अँपिअर, अर्धा तास, म्हणजे ९०० कूलोम. त्याला ९६५०० ने भागा, इलेक्ट्रॉनचे मोल मिळाले. तांब्याला दोन लागतात म्हणून ०.२९६ ग्रॅम, चांदीला एकच म्हणून १.००७ ग्रॅम.

अभ्यासिकेतल्या मित्राने एकदा विचारलं, "बे, हे ०.०५९२ पंचवीस डिग्रीचं आहे ना? आपल्याकडं मे महिन्यात कुठंय पंचवीस?" प्रश्न रास्त होता. आम्ही तो सरांकडे नेला. ते म्हणाले, "मग काढा की चाळीसचं." २.३०३ गुणिले ८.३१४ गुणिले ३१३, भागिले ९६५००. उत्तर ०.०६२१. म्हणजे ०.०५९२ हा काही दगडावरचा आकडा नाही, त्यात तापमान दडलेलं आहे. मग सरांनीच पुढचा प्रश्न टाकला: आणि १.१० तरी तेवढाच राहील का?

याचं उत्तर पाचव्या धड्यात एकट्याने मिळत नाही, चौथा उघडावा लागतो. डेल्टा जी (अभिक्रियेतून कामासाठी मिळू शकणारी ऊर्जा) म्हणजे उणे एन एफ ई, इलेक्ट्रॉनचे मोल गुणिले ९६५०० गुणिले व्होल्ट: उणे २ गुणिले ९६५०० गुणिले १.१०, म्हणजे उणे २१२.३ किलोज्यूल. त्याच अभिक्रियेची एन्थाल्पी तक्त्यातून काढली, तांब्याचा आयन अधिक ६४.८, जस्ताचा आयन उणे १५३.९, तर उणे २१८.७. फरक ६.४ चा. जस्त सरळ मोरचुदात टाकलं तर सगळे २१८.७ उष्णता म्हणून जातात. मधे तार घातली तर २१२.३ पर्यंत वीज म्हणून वापरता येते आणि ६.४ तरीही उष्णता होऊनच बाहेर पडते. तो ६.४ म्हणजे टी डेल्टा एस, तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल. २९८ ने भागला की एन्ट्रॉपीतला बदल उणे २१.५ ज्यूल प्रति केल्विन. त्याला एन एफ ने भागलं की अंशामागे ०.०००११ व्होल्टची घट. पंधरा अंश वाढले तर १.१० चे १.०९८. मे महिन्यातल्या सोलापूरचं उत्तर हे.

दोन धडे वेगळे नाहीत हे मला इथे दिसलं, आणि नंतरची बरीच कोडी आपोआप सुटली. लोखंडाचंच बघा. लोखंडाचा तीन अधिक आयन दोन अधिक होताना पोटेन्शियल ०.७७ व्होल्ट, दोन अधिकचं धातू लोखंड होताना उणे ०.४४. यांची सरळ बेरीज करता येत नाही, कारण व्होल्ट बेरजेत बसत नाहीत, डेल्टा जी बसतो. १ गुणिले ०.७७ अधिक २ गुणिले उणे ०.४४, भागिले ३: उणे ०.०३७. कारण माहीत असलं की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

प्रिलिम आमच्याकडे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या सुमारास येते, होम मैदानावर सगळं गाव लोटलेलं असतं. त्या दिवसांत मी नवे न्यूमेरिकल्स घेणं थांबवलं. जुनेच परत, पण पूर्ण पायऱ्यांनी: दिलेलं, काढायचं, सूत्र, युनिटसह किंमती, उत्तर. पायऱ्यांना मार्क असतात, आणि शेवटी लॉग चुकला तरी वरचे मार्क हातात राहतात.

सध्या आमच्या गल्लीतली एक मुलगी कोलराउशच्या नियमावर (आयनांच्या वाहकतांची बेरीज करता येते) आली आहे. ॲसिटिक ॲसिड पूर्ण आयनीभूत होत नाही, मग त्याची शून्य संहतीची मोलर वाहकता काढायची कशी, हा प्रश्न. मी तिला तीन आकडे दिले: हायड्रोक्लोरिक ॲसिड ४२६.२, सोडियम ॲसिटेट ९१.०, मीठ १२६.५. तिने हेससारखीच तीन ओळी मांडून पहिल्या दोन मिळवल्या, तिसरी वजा केली आणि ३९०.७ लिहिलं. आता त्यावरून आयनीभवनाचा अंश काढायचाय, तो उद्या घेणार आहोत.