तळघराला ओल आलीये? आधी बाहेर जाऊन बघा

तळघराच्या भिंतीला ओल धरली की सगळ्यात आधी रंगवाल्याला बोलावलं जातं, आणि तो एकच उपाय सांगतो, पोपडे खरवडू, पुट्टी भरू, वरून वॉटरप्रूफ पेंटचे दोन हात मारू, काम झालं. आमच्याकडे पण असाच एक जण येऊन गेला, भिंतीला बोट लावलं आणि थेट आकडा सांगितला, घराच्या बाहेर जाऊन बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

अहो पाणी बाहेर आहे ना. पायासाठी खणलेल्या जागेत नंतर जो भराव टाकतात तो शेजारच्या मूळ जमिनीइतका घट्ट बहुतेक वेळा बसतच नाही, त्यामुळे पावसाचं पाणी नेमकं भिंतीला खेटून मुरतं आणि खाली चिकण माती असेल तर तिथेच तुंबून राहतं. मीटरभर पाणी साठलं तर तळाशी दर चौरस मीटरला साधारण एक टनाचा दाब येतो. बाहेरून लावलेला थर असेल तर हाच दाब त्याला भिंतीवर आणखी घट्ट दाबून धरतो, आतून लावलेला असेल तर भिंतीपासून सुटा करायला बघतो. आतल्या रंगाला फुगे का येतात ते यातच आलं.

पण त्याआधी ही ओल खरंच बाहेरची आहे का ते बघा. कधीकधी भिंत नुसती गार असते आणि हवेतली वाफ तिच्यावर धरते, तिथे कसलंही वॉटरप्रूफिंग केलं तरी पैसे वाया, तिथे हवा खेळती पाहिजे किंवा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं मशीन. ओळखायचं कसं तर भिंतीचा एक तुकडा कोरडा पुसून त्यावर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि एक-दोन दिवस सोडून द्या, थेंब कागदाच्या आतल्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतलं. फुकटात होते टेस्ट, तरी कोणी करत नाही.

आता बाहेर या. छताचं पाणी कुठे पडतंय? शंभर चौरस मीटर छतावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 1000 लिटर पाणी होतं, आणि अनेक घरांत त्याचा पाइप बरोब्बर पायाच्या कोपऱ्यात सोडलेला असतो. तो लांब न्या, पन्हळ साफ करा, आणि भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये जमीन 15 सेंटीमीटर तरी उतरती करून घ्या. यात खोदकाम नाही, फार खर्च नाही, म्हणूनच बहुतेक कोणी कॉन्ट्रॅक्टर स्वतःहून हे सांगत नाही 😀

हे करूनही पाणी आलंच तर टॉर्च घेऊन खाली बसा आणि भिंत जमिनीला मिळते तो सांधा बघा. फरशीचं काँक्रीट आणि भिंत वेगवेगळ्या वेळी झालेली असतात, मधे केसाएवढी फट राहते, आणि पाण्याला तेवढी पुरते. आमच्याकडे भिंत वरपर्यंत कोरडी होती, फक्त या सांध्याला बारीक ओली रेघ आणि तिच्या वर पांढरी पांढरी भुकटी, बोटाने सहज निघणारी. ती बुरशी नाही, तो लोणा. पाणी भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येतं, स्वतः उडून जातं आणि क्षार मागे राहतात, तेच प्लास्टरच्या आत साठत गेले की प्लास्टर उचलतात. त्यावर रंग मारणं म्हणजे पुढच्या पोपड्यांची सोय. तिथे प्लास्टर काँक्रीटपर्यंत काढायचं, सांधा खाचून मसाल्याने भरायचा आणि वर गोलसर वाटा मारायचा, म्हणजे कोपऱ्यात मसाल्याची गोलसर पट्टी.

भिंतीला तडा असेल आणि त्यातून पाणी येत असेल तर पीयू (पॉलियुरेथेन रेझिन) इंजेक्शन. तड्याच्या बाजूने तिरकी भोकं पाडून पॅकर म्हणजे छोट्या नळ्या ठोकतात आणि त्यांतून पंपाने रेझिन ढकलतात, ते पाण्याला लागलं की फुगून फेस होतो आणि तड्यातून बाहेर डोकावतो, वाळला की कापून टाकायचा. इपॉक्सी वेगळी, ती तडा परत जोडून भिंतीला ताकद द्यायला असते, आणि साधारणपणे तिला कोरडा तडा लागतो. तडा रुंद होत चालला असेल तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, इंजेक्शन नंतर.

बाहेरून खणून करायचं म्हणजे मोठं काम. भिंत साफ करायची, मेंब्रेन म्हणजे पाणी अडवणारा थर लावायचा, भरावातल्या दगडांनी तो फाटू नये म्हणून वर प्रोटेक्शन बोर्ड, आणि पायाच्या पातळीला खडीत भोकांचा पाइप, भोकं खालच्या बाजूला, भोवती जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, त्यामुळे माती आत जाऊन पाइप बुजत नाही. खणताना पायाच्या खाली जायचं नाही, आणि सगळं घर एकदम उघडं करायचं नाही, टप्प्याटप्प्याने. पाइपला शेवटी उतार आणि बाहेर पडायला जागा हवी, नाहीतर सगळं पाणी तिथेच.

जागा नसेल तर तळघरात खड्डा करून संप पंप बसवतात, तो खड्ड्यात साठलेलं पाणी बाहेर फेकतो. त्याला बॅटरी घ्याच, कारण लाइट जाते ती मुसळधार पावसातच, आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर वर फेकलेलं पाणी पंप बंद झाला की परत खड्ड्यात. पावसाळ्याआधी दोन बादल्या ओतून फ्लोट (पाण्याबरोबर वर येऊन पंप चालू करणारा तरंगता भाग) उचलतोय ना बघा, आणि तेव्हा मेन स्विच बंद करून बॅटरीवर पण चालवून बघा.