जानेवारीत सूर्य जवळ, मग निफाडला दव का गोठतं?

मी भूगोल शिकवतो, त्यामुळे नाशिकला थंडी पडली की हा प्रश्न येतोच. कधी नववीतली मुलगी विचारते, कधी निफाडकडचे द्राक्षबागाईतदार: "सर, जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते म्हणता. मग नेमकं तेव्हाच आमच्याकडे दव कसं गोठतं?"

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुस्तकातलं उत्तर बरोबरच आहे: पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला आहे, म्हणून ऋतू होतात. नाशिक २० उत्तर अक्षांशावर. मे आणि जुलैच्या उत्तरार्धात इथे दुपारचा सूर्य एकेकदा थेट डोक्यावर येतो. डिसेंबरअखेर मात्र भर दुपारीही तो ४७ अंशांच्या आसपासच चढतो. ऊन तिरपं, रात्र लांब, आकाश निरभ्र. जमिनीतली ऊब रात्रभर निघून जाते आणि पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात.

पण इथेच थांबलं की मुलांना वाटतं, अंतराला काही किंमतच नाही. किंमत आहे, आणि मोठी आहे. सूर्य जानेवारीत १४.७ कोटी किलोमीटरवर असतो, जुलैत १५.२ कोटींवर. एवढ्या फरकाने पृथ्वीला जानेवारीत सुमारे ७ टक्के जास्त ऊन मिळतं. आज ते आपल्या हिवाळ्याच्या वाट्याला येतं. नेहमीच तसं नव्हतं.

आसाची दिशा फार सावकाश फिरते, सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी. याची खूण आपल्या पंचांगातच आहे. उत्तरायण खरं तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं, आपण मकरसंक्रांत करतो १४-१५ जानेवारीला. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र येत. आपली संक्रांत ताऱ्यांना धरून चालते आणि ऋतू आसाला धरून, म्हणून फरक वाढत गेला. त्यात पृथ्वीची कक्षाही वळत असते. दोन्ही मिळून सूर्याजवळचा तो दिवस सुमारे २१,००० वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो.

दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी तो आपल्या उन्हाळ्यात येत होता. तेव्हा आशिया आणि आफ्रिकेची जमीन जास्त तापायची, समुद्र मागे राहायचा आणि मोसमी वारे जोर धरायचे. हवामानशास्त्रज्ञ जॉन कुट्झबाख यांनी १९८१ मध्ये ९,००० वर्षांपूर्वीचं ऊन संगणकाच्या प्रारूपात घालून पाहिलं, तर मान्सून आजच्यापेक्षा बळकट निघाला. ओमानच्या गुहांतले चुनखडीचे थर तेच सांगतात. सहारात तेव्हा तळी होती, पाणघोडे होते. इगतपुरीच्या घाटाला आणि ब्रह्मगिरीला धडकणारे ढगही याच हिशेबातले, हे वर्गात सांगताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

ध्रुवाकडे हेच ऊन बर्फाचं भवितव्य ठरवतं. हिवाळा किती कडक याला तिथे फारसं महत्त्व नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळून जातं की शिल्लक राहतं, हे महत्त्वाचं. सर्बियाचे गणिती मिलुटिन मिलान्कोविच यांनी हे गणित हाताने केलं, १९४१ मध्ये ग्रंथरूपात मांडलं. त्यांच्या हयातीत अनेकांना ते पटलं नाही. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या शास्त्रज्ञांना समुद्रतळाच्या गाळात तीच आवर्तनं सापडली. गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, जमिनीवर इतकं बर्फ साठलं होतं की समुद्र जवळपास १२० मीटर खाली होता.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे आताची तापमानवाढही यातलीच?" नाही. ही आवर्तनं हजारो वर्षांची, आणि सध्या त्यांचा कल उत्तरेचा उन्हाळा सौम्य करण्याकडे आहे. उपग्रह १९७८ पासून सूर्याचं ऊन मोजत आहेत. तापमानवाढीचा खुलासा होईल अशी वाढ त्यात दिसत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र दीड-दोनशे वर्षांत दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या वर गेला, आणि तो कोळसा-तेल जाळून आपण सोडलेला आहे.