पाटा, वरवंटा आणि रियुनियन

वाईच्या आमच्या घरातला पाटा आता वापरात नाही. मागच्या पडवीत तो भिंतीला टेकून उभा आहे. हा काळा दगड आला कुठून, असे लहानपणी विचारले की ‘डोंगरातून’ एवढेच उत्तर मिळे. मग डोंगर कुठून आला, हा पुढचा प्रश्न सुचायला मला पन्नाशी उलटावी लागली.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचत गेले आणि आज जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. कळसूबाई, रायगडाचे कडे, वेरूळचे कैलास लेणे, अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ही सगळी त्याचीच. इथवर शाळेच्या पुस्तकात असते. पुढचे मात्र मला फार उशिरा कळले. हा लाव्हा ज्या तप्त स्रोतातून आला असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, तो अजून विझलेला नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर पितों द ला फुर्नेझ नावाच्या ज्वालामुखीच्या रूपाने तो आजही धगधगतो आहे. स्रोत जवळपास जागच्या जागी राहिला आणि वरचा भूपट्ट भारताला घेऊन उत्तरेकडे सरकला. निखाऱ्यावरून पापड हळूहळू सरकवत नेला तर जळके डाग ओळीने उमटतात, तसाच हा प्रकार: आधी दख्खन, मग लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या तळाशी असलेला समुद्रातला कणा, मग मॉरिशस आणि सर्वांत शेवटी रियुनियन.

यातल्या मॉरिशसला आपली माणसे गेली. 1834 पासून तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर नेले जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले रत्नागिरीसारख्या भागांतले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज तिथे आजही आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. ऊस लावण्याआधी जमिनीतले काळे धोंडे वेचून काढावे लागत. त्यांचे रचलेले ढीग तिथल्या शेतांत अजून उभे आहेत आणि मला ते तिथल्या कुठल्याही स्मारकापेक्षा बोलके वाटतात. घर सोडलेल्या माणसांना परमुलखात आपलाच दगड भेटला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. मॉरिशसचा सर्वांत जुना लाव्हा सुमारे 90 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या घाटापुढे अगदीच पोर. चूल तेवढी एक. त्यातही 2017 मध्ये त्या पोरसवदा खडकात झिरकॉन या खनिजाचे 300 कोटी वर्षांचे कण सापडल्याचे जाहीर झाले आणि बेटाखाली एका बुडालेल्या प्राचीन भूखंडाचा तुकडा असल्याचे मत पुढे आले.

मॉरिशसच्या स्वयंपाकघरात मसाला वाटायला याच काळ्या दगडाचा पाटा असतो. त्याला ‘रॉस कारी’ म्हणतात आणि वरच्या वरवंट्याला ‘बाबा’, म्हणजे तिथल्या क्रिओल भाषेत बाळ. आपल्याकडे बारशाला पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात, त्याला झबले-टोपडे घालतात, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत त्याला या हातातून त्या हातात देतात. माझ्या बारशाला फिरवलेला वरवंटा मी या दिवाळीत घरभर शोधला. तो काही सापडला नाही. पडवीत पाटा एकटाच आहे.